डीजे म्हणजे माणूस

परवा फोन आला. पलीकडचा पोरगा घाईत होता. "काका, डीजे आहे ना तुमच्याकडे? किती बेसचा?"

"एकच आहे," मी म्हटलं. "सत्तावन्न वर्षांचा. जिना चढताना गुडघा धरतो त्याचा."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे दोन टॉप, दोन बेस का?"

त्याला हसून उपयोग नाही. आपल्याकडे डीजे लावतात, डीजे मागवतात, डीजे ट्रॅक्टरवर चढवतात, पोलिस डीजे जप्त करतात आणि पेपरवाले 'डीजेच्या भिंती' असा मथळा देतात. डीजे म्हणजे डिस्क जॉकी, तबकडीवर मांड ठोकून बसलेला कुणी इसम, हे आता कुणाच्या गावीही नाही. घोडा राहिला, स्वार गेला.

मला तो स्वार भेटला २००१ साली. जर्सी सिटीला राहणारा आतेभाऊ सुट्टीवर आला होता. "तुझ्या धंद्यातलं आहे, बघ," म्हणून त्याने दोन सीडींचा एक संच हातात ठेवला. लॅरी लेव्हन नावाच्या डीजेचं, न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराज या क्लबमधलं १९७९ सालचं रेकॉर्डिंग. माणूस मरून तोवर नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून त्याच्याबद्दल जे हाती लागलं ते वाचत आलो, ऐकत आलो. तो ब्रुकलिनचा, काळा, समलिंगी, मध्यरात्री उजाडणारा. मी लालबागच्या चाळीतला, मामांच्या साउंड सर्व्हिसमध्ये पेट्या उचलून मोठा झालेला. तरी माझ्याच धंद्यातल्या काही गोष्टी मला त्याच्यामुळे कळल्या, काही मार खाऊन कळल्या. आठवतील तशा लिहितो.

१. आधी वायर गुंडाळायला शिकावं

मामांकडे मी १९८२ साली लागलो. गिरण्यांचा संप सुरू झालेला, वडील घरी बसलेले, मी चौदा वर्षांचा. मामांनी पहिली दोन वर्षं मला मशीनला हात लावू दिला नाही. काम एकच. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळायच्या, तेही मनगटावर नाही. एक वेढा सरळ, दुसरा उलटा, म्हणजे वायरीला पीळ बसत नाही आणि दुसऱ्या दिवशी मंडपात फेकली की सरळ उलगडत जाते. पीळ बसला की आतली तार तुटते, पण वरून दिसत नाही, आणि ऐन आरतीला माईक बंद पडतो. "भाच्या, गाणी काय, कुत्रं पण पाय ठेवून लावेल," मामा म्हणायचे, "वायर आधी."

लॅरी लेव्हन विशीच्या आसपास होता तेव्हा त्याचं पहिलं काम होतं फुगे फुगवणं. निकी सियानो नावाच्या, जवळपास त्याच्याच वयाच्या पोराने न्यूयॉर्कमध्ये गॅलरी हा क्लब काढला होता. तिथे लॅरी आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त फ्रँकी नकल्स हे दोघे सजावट करायचे, खायचं मांडायचे. मग कॉन्टिनेंटल बाथ्स या ठिकाणी तो लाइट सांभाळू लागला. ॲन्सोनिया नावाच्या जुन्या, भव्य इमारतीच्या तळघरातलं हे स्नानगृह. बेट मिडलर तिथे गायची आणि तिच्या साथीला पियानोवर बॅरी मॅनिलो असायचा. एके दिवशी तिथला डीजे काम सोडून गेला आणि मालकाने लाइटवाल्या पोरालाच 'आज तू वाजव' म्हणून उभं केलं.

पुढे गराजमध्ये गाणी लावता लावता लाइटही तोच चालवायचा, कुठल्या क्षणी अंधार करायचा ते त्याच्याच हातात. मला यात नवल वाटत नाही. ज्याने फुगे बांधलेत त्याला खोली ठाऊक असते.

२. मोठा आवाज वेगळा, मोकळा आवाज वेगळा

हा मुद्दा लांबणार आहे, कारण माझा डावा कान यातच गेला. रात्री घर शांत झालं की त्या कानात रातकिडा ओरडायला लागतो तो पहाटेपर्यंत.

पॅराडाइज गराज म्हणजे खरोखरच मोटारी ठेवायची इमारत होती. पत्ता ८४, किंग स्ट्रीट. गाड्या वर न्यायचा लांबलचक उतार तसाच ठेवला होता, त्याच्या कडेने दिवे लावले होते आणि लोक त्या उतारावरून चढून आत जायचे. मायकेल ब्रोडी या मालकाने ही जागा लॅरीसाठी म्हणूनच उभी केली असं म्हटलं तरी चालेल. १९७७ पासून बांधकाम चालू असतानाच एका भागात नाच सुरू झाले होते, आणि १९७८ च्या जानेवारीत रीतसर उद्घाटन झालं. तेव्हा लॅरी तेवीस वर्षांचा होता.

उद्घाटनाचा पुरता फज्जा उडाला. बर्फामुळे साउंडचं सामान वेळेवर पोचलंच नाही आणि बोलावलेली माणसं कडाक्याच्या थंडीत तिष्ठत राहिली. त्यातले बरेच पुन्हा कधी फिरकले नाहीत. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! टेम्पो घाटात पंक्चर झालाय, मंडपात वरात येऊन उभी आहे आणि वधूपिता फोनवर फोन करतोय, हे ज्याने सोसलंय त्यालाच यातलं सुख कळेल.

पण सामान लागलं तेव्हा ते काय होतं! रिचर्ड लाँग नावाच्या तंत्रज्ञाने ती यंत्रणा बसवली. दोनेक हजार माणसं मावणारी ती जागा, आणि तिच्या एकेका कोपऱ्यात काय ऐकू येतं यावर तो आणि लॅरी सतत काहीतरी करत राहायचे. पेट्या हलव, कर्णे फिरव, पुन्हा ऐक. खर्जासाठी लाँगने जी भली थोरली पेटी बनवली तिचं नावच 'लेव्हन हॉर्न' पडलं. आपल्याकडे पेटीवर साउंडवाल्याचं नाव रंगवतात, मोबाइल नंबरासकट. एखाद्या पेटीच्या जातीलाच वाजवणाऱ्याचं नाव मिळावं, हे मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आता आमचं ऐका. ९० च्या दशकाच्या शेवटी मीही भिंत रचली होती. सहा बेस, सहा टॉप, खाली ट्रक. मशीन इतकं पिळायचं की लाल दिवा विझायचाच नाही. लाल दिवा सतत पेटलेला म्हणजे आवाज फाटलेला. ते गाणं राहत नाही, गाण्याचा चिवडा होतो. एका मिरवणुकीत आमची गाडी एका जुन्या वाड्यापाशी थांबली. वरच्या मजल्यावरच्या एक म्हाताऱ्या बाई खिडकीत आल्या. मला वाटलं ओरडणार. त्यांनी खिडकीच्या काचेवर पालथा हात ठेवला, काच थरथरू नये म्हणून, आणि तशाच उभ्या राहिल्या, गाडी पुढे सरकेपर्यंत. माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या वर्षी मी ट्रकची सुपारी घेतली नाही.

कायदा सांगतो, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. सणाच्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते. तो मीटर घेऊन उभा असलेला हवालदार मला आवडत नाही, पण त्याचं चुकत नाही. गराजमध्ये आवाज कमी होता असंही नाही. भरपूर होता, अंगातून आरपार जाणारा होता. फरक इतकाच की तो चार भिंतींच्या आत होता, त्यासाठी आलेल्यांसाठी होता, आणि फाटलेला नव्हता. दणका सगळ्यांना देता येतो. दणक्याच्या आत मागच्या गायिकेचा श्वास ऐकवणारा लाखात एक.

३. सगळं सुरुवातीलाच देऊ नये

लॅरीची एक सवय फार सांगितली जाते. संध्याकाळी तो साध्या, स्वस्त सुईने सुरुवात करायचा. रात्र चढत जाईल तशी रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलायचा, हळूहळू भारीतली बसवायचा. माणसांना कळायचं नाही नेमकं काय झालं; एवढंच जाणवायचं की तेच मशीन, तीच पेटी, पण आवाज उजळलाय. पहाटे गर्दी ऐन रंगात यायची तेव्हा सर्वांत चांगली सुई तबकडीवर असायची.

आमच्या मामांकडे एकच सुई होती आणि ती बोथट होती. पूजेच्या आदल्या रात्रीपासून चाळीच्या गॅलरीला कर्णा बांधलेला, खाली टेबलावर प्लेअर, आणि रेकॉर्ड घासलेली असली की सुई उडी मारायची. मग मामा खिशातून चार आण्याचं नाणं काढायचे आणि सुईच्या डोक्यावर ठेवायचे. आठ आणे ठेवले तर वजन जास्त, रेकॉर्ड खरवडली जाते. दहा पैसे ठेवले तर उडी चालूच. चार आणेच. ते नाणं खर्चायचं नाही, पेटीत वेगळ्या काड्यापेटीत ठेवायचं, हा नियम.

सुई बदलण्याची ऐपत नसली तरी लॅरीचं गणित मी उचललं आहे. हळदीला सात वाजता माणसं अजून नमस्कार-चमत्कारात असतात, तेव्हा मी बेस अर्ध्यावर ठेवतो. पोरं येऊन सांगतात, "काका, बेस मारा ना." मी मान डोलावतो आणि काही करत नाही. साडेनऊला हळूच चढवतो. पोरांना वाटतं त्यांच्या सांगण्याने झालं.

४. आरशांचा गोळा पुसावा

गराजमध्ये नाच ऐन भरात असताना लॅरी अचानक बूथमधून गायब व्हायचा. शिडी घेऊन मधोमध यायचा, वर चढायचा आणि छताला टांगलेला आरशांचा गोळा पुसायला लागायचा. धूळ बसली होती, त्याला खपत नव्हती. तिकडे रेकॉर्ड संपत आलेली. दोन हजार माणसं मान वर करून बघतायत की हा खाली कधी उतरतो.

हे वाचून मी पहिल्यांदा ठाण्याच्या एका हॉलमधला गोळा खाली घेतला तेव्हा त्यावर अक्षरशः बोटभर मेणचट थर होता, उदबत्तीचा आणि तळणाचा. फडक्याला तेल लागलं. मॅनेजर म्हणाला, "अहो, कोण बघतंय?"

५. माणसं उठून गेली तर (माझी फसगत)

टाना गार्डनर या गायिकेचं 'हार्टबीट' हे गाणं लॅरीने १९८१ मध्ये क्लबसाठी नव्याने बांधलं. तेव्हा डिस्कोचे ठोके मिनिटाला १२० च्या आसपास असायचे. हे शंभराच्या घरात, जवळजवळ रांगणारं. त्याने पहिल्यांदा लावलं तेव्हा नाचणारे सगळे खायच्या टेबलाकडे निघून गेले, असं त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांनी सांगितलंय. लॅरीने ते पुन्हा लावलं. पुन्हा. थोड्याच दिवसांत तेच गाणं मागायला लागले लोक, आणि पुढे ते शहरभर झालं.

ही कथा कुठल्याही तरुण डीजेच्या डोक्यात भलतंच वारं भरते. माझ्याही भरलं. कल्याणला एका हळदीत मी असंच एक संथ, मला फार आवडणारं गाणं लावलं. माणसं थांबली. मी म्हटलं, लॅरी! पुन्हा लावलं. नवरीचे मामा आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ओ डीजे, पोरीचं लग्न आहे, दहावं नाही." तिसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही.

पुढे कळलं कुठे चुकलं. गराजला सभासदत्व होतं. ओळखपत्र दाखवून आत यायचं. तीच माणसं दर शनिवारी, वर्षानुवर्षं. लॅरीने आज नाराज केलेली माणसं पुढच्या आठवड्यात परत येणार होती; त्याच्याकडे वेळ होता, त्यांच्याकडे विश्वास होता. माझी माणसं आयुष्यात एकदाच भेटतात, चार तासांसाठी, त्यातही दीड तास केळवणाच्या आठवणी नि फोटो. विश्वास बसायच्या आत जेवणाची पंगत उठते. म्हणून नवीन गाणं मी आता दोन खात्रीच्या गाण्यांच्या मधे दडवतो, आई कडू औषध गुळात देते तसं. लॅरीला हे पटलं नसतं.

६. दारू नसली तर नाच जास्त वेळ चालतो

गराजमध्ये दारू विकत नसत. फळं, खाणं, कॉफी, पाणी मिळायचं. यामागे हिशेब होता. न्यूयॉर्कात दारू विकणाऱ्यांना पहाटे चारला दार लावावं लागतं. विकतच नसाल तर तो नियम लागू नाही, मग सकाळ होऊन उन्हं येईपर्यंत नाचा. ही वाट आधी डेव्हिड मॅन्क्युसोने दाखवली होती. १९७० च्या फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइनच्या दिवशी, त्याने ६४७, ब्रॉडवे इथल्या आपल्या राहत्या घरीच लोकांना नाचायला बोलावलं. ते घर 'लॉफ्ट' नावाने प्रसिद्ध झालं, आणि लॅरी, फ्रँकी, निकी सगळेच तिथे नाचत शिकले. मॅन्क्युसो पुढे पुढे दोन गाणी एकमेकांत मिसळेनासाच झाला. रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्यायची, मग दुसरी. आमच्या मामांसारखंच!

दारू नव्हती म्हणजे सगळं सोवळ्यात होतं असं नाही. नशेच्या इतर गोष्टी होत्या आणि लॅरीला त्यांनीच गिळलं. तिथे येणार आहोतच.

पण तिथे यायचं कोण, हे सांगायला हवं. शनिवारी मुख्यत्वे काळी आणि लॅटिनो, समलिंगी तरुण मुलं. शुक्रवारी सरमिसळ गर्दी. घरच्यांनी टाकलेली, कामावर लपूनछपून राहणारी, गोऱ्यांच्या झगमगत्या क्लबांच्या दारातून परत पाठवलेली. स्टुडिओ ५४ हा तिकडचा प्रसिद्ध क्लब १९७७ मध्ये उघडला. त्याच्या दाराबाहेर कोणाला आत घ्यायचं हे चेहरे बघून ठरायचं. गराजच्या उतारावर तो प्रश्न नव्हता. म्हणूनच १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे डिस्कोच्या रेकॉर्डी ढिगाने उडवून दिल्या, जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला, तेव्हा तो राग नुसता गाण्यांवरचा नव्हता, असं पुष्कळांनी लिहिलंय. मलाही तसंच वाटतं. लावणीला नाकं मुरडणारे लोक आपल्याकडे कमी झाले का? नाकं लावणीला मुरडतात की नाचणारणीच्या जातीला, हे त्यांनाच विचारायला हवं.

त्याच शिकागोत दोन वर्षं आधी फ्रँकी नकल्स गेला होता. वेअरहाउस नावाच्या क्लबला डीजे हवा होता. त्यांनी आधी लॅरीला विचारलं, तो न्यूयॉर्क सोडेना, मग फ्रँकी गेला. त्या वेअरहाउसच्या नावावरून 'हाउस' हे संगीत जगभर गेलं. एकाने नाही म्हटलं आणि दुसऱ्याच्या हातून इतिहास घडला. फुगे मात्र दोघांनी सारखेच फुगवले होते.

७. शब्द ऐकून गाणं लावावं

लॅरी गाण्यांतून बोलायचा, असं तिथे नाचणारे सांगतात. कुणावर रागावला असेल तर त्या रात्रीची गाणीच तशी. एखाद्याला समजवायचं असेल तर तशी. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे मलाच म्हणतोय.

मी एकदा पाठवणीच्या वेळी ठेका छान म्हणून एक हिंदी गाणं लावलं. ते बेवफाईचं होतं. नवरीची आत्या माझ्याकडे अशी बघत होती की पुढचं गाणं मी हात जोडून लावलं.

८. पोरांच्या गाण्याला हलकं समजू नये

लॅरीने नव्याने बांधलेली पहिली रेकॉर्ड कुठली असेल? सेसमी स्ट्रीट या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या, बिस्किटं खाणाऱ्या निळ्या राक्षसाची. साल १९७८. त्यानंतर त्याने इन्स्टंट फंक, लूझ जॉइंट्स, ग्वेन गथ्री अशा कितीतरी जणांच्या गाण्यांना हात लावला, स्वतःचा पीच बॉइज हा संच काढला. पण सुरुवात बिस्किटाने.

त्याने लावलेल्या गाण्यांचं पुढे काय व्हायचं ते मला खास आवडतं. क्लबपासून जवळ, कार्माइन स्ट्रीटवर, व्हाइनिलमेनिया नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. रात्रभर नाचून बाहेर पडलेली मुलं तिथे जाऊन, लॅरीने वाजवलेलं अमुक गाणं आहे का, विचारायची. फ्रँकी क्रॉकर हा डब्ल्यूबीएलएस रेडिओवरचा मोठा निवेदक गराजमध्ये ऐकलेलं गाणं रेडिओवर लावायचा, की ते शहराचं झालं. आमच्याकडे हेच काम कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांनी केलं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, आठवड्याने भरून मिळायची. पूजेला मामांनी लावलेलं गाणं दुसऱ्या दिवशी त्या याद्यांमध्ये दिसायचं. मामांना याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटायचं, आपण सत्यनारायणाची सेवा करतोय.

९. रेकॉर्डी विकू नयेत

२०११ साली आतेभावाकडे गेलो होतो. एका सकाळी पाथ ट्रेनने क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरलो आणि चालत किंग स्ट्रीट गाठला. इमारत उभी होती. आत टेलिफोन कंपनीच्या गाड्या लावल्या जात होत्या. मोटारींची जागा पुन्हा मोटारींची झाली होती. एक गाडी आत वळली, तेवढ्यापुरतं दार उघडलं, आणि मला वर जाणारा उतार दिसला. फोटो काढायचं सुचलं नाही. आता ती इमारतही पाडली आहे.

गराज १९८७ च्या सप्टेंबरअखेर बंद झालं. जागेचा करार संपला होता. रिचर्ड लाँग आदल्याच वर्षी एड्सने गेला होता आणि ब्रोडीही त्याच आजाराने त्या वर्षाअखेर गेला. गराजमध्ये नाचणारेही एकेक करून जात होते. बूथ गेल्यावर त्याला धड घर उरलं नाही. इतर क्लबांत वाजवायचा, कधी उशिरा जायचा, कधी जायचाच नाही. नशेसाठी त्याने रेकॉर्डी विकायला काढल्या. मित्र त्या परत विकत घ्यायचे आणि त्याला आणून द्यायचे. तो पुन्हा विकायचा. १९९२ मध्ये फ्रांस्वा केव्होर्कियान या डीजेबरोबर जपानचा दौरा केला, तिथे लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला हृदयाने दगा दिला. वय अडतीस.

मित्रांनी रेकॉर्डी परत आणून दिल्याचं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण मामा गेल्यावर, १९९८ मध्ये, मीच त्यांच्या रेकॉर्डींच्या दोन पेट्या चोरबाजारात विकल्या होत्या. सीडी आल्या होत्या, खोलीत जागा नव्हती, मुलीची शाळेची फी भरायची होती. चार हजार मिळाले. मला ना नशा होती, ना बूथ गेलं होतं. माझ्याकडे सबबसुद्धा नाही.

गेल्या पावसाळ्यात चोरबाजारातच एका दुकानात भिजू नये म्हणून शिरलो. उभ्याने रेकॉर्डी चाळत होतो. एकीच्या मधल्या गोल कागदावर निळ्या शाईने लिहिलेलं: 'पूजा २ – आरतीनंतर'. अक्षर मामांचं. दुकानदाराने साडेतीनशे सांगितले. मी घासाघीस केली नाही, तर तोच बावरला.

घरी आणून लावली. दुसऱ्या कडव्याला सुई उडी मारते, पहिल्यासारखीच, त्याच जागी. रुपयाचं नाणं ठेवून पाहिलं, जड होतं, आवाज दबतो. चार आणे २०११ मध्येच चलनातून गेले. बायकोने तिची सगळी पाकिटं, देव्हाऱ्याचा खण, पिठाच्या डब्यामागची बरणी उपसली. तिथे दहा पैसे निघाले, वीस पैसे निघाले. ती म्हणाली, "खालच्या वाण्याकडे विचारते." मी रेकॉर्ड थांबवली नाही. तेच दीड वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं आणि ती जिना उतरून गेली होती.